घाटेकाकांचा उजवा पाय

मधुमेह असलेल्या माणसाकडे गेलं की आधी त्याचे मोजे काढायला लावायचे, हे आमच्या कामातलं पहिलं काम. शुगर किती, गोळ्या कोणत्या, जेवणात काय, ते सगळं नंतर. आधी पाय. वाचायला हे सोपं वाटतं. पण दिल्लीत एखाद्या लग्न न झालेल्या मुलीने वडीलधाऱ्या माणसाला ‘पाय दाखवा’ म्हणणं किती अवघड असतं, ते मला इथे आल्यावरच कळलं.

दिवाळी अंकासाठी कामाविषयी काही लिही, असं इथल्या मराठी मंडळातल्या ताई म्हणाल्या तेव्हा मी नको म्हटलं होतं. फिजिओथेरपीची पदवी झाली असली तरी मी अजून शिकतेच आहे. ज्यांनी आयुष्यभर नोकरी केली त्यांनी अनुभव लिहावेत. ताई म्हणाल्या, “ते दरवर्षी लिहितात. सगळ्यांना पाठ झालेत त्यांचे अनुभव. तू लिही.” म्हणून लिहिते आहे.

मी वाशीम जिल्ह्यातली. वडील एस.टी.च्या डेपोत टायरच्या कामावर आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मी नक्की काय शिकते हे घरी अजून ठरलेलं नाही. वडील लोकांना ‘हाडांची डॉक्टर’ सांगतात, आई ‘मालिशचं मोठं शिक्षण’ म्हणते. मी दोघांनाही दुरुस्त करत नाही. एक गोष्ट वाढवून सांगितलेली आहे आणि एक कमी करून, एवढंच.

मुनिरकेत मी तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेऊन राहते. गल्ली इतकी अरुंद आहे की समोरच्या घरातला टीव्ही माझ्या पलंगावरून दिसतो, फक्त आवाज येत नाही. सकाळी कॉलेज आणि हॉस्पिटल, दुपारनंतर बसने द्वारका. तिथे घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम द्यायचे. द्वारकेत तेव्हा मेट्रो नुकतीच पोचली होती. एकेका सरकारी खात्याच्या नोकरदारांनी मिळून सोसायट्या बांधल्या होत्या. फ्लॅट नवे, लिफ्ट नव्या, रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाचा चेहरा ओळखू येऊ नये. आणि माणसं कमी. कितीतरी फ्लॅट नुसते घेऊन ठेवलेले, कुलपं लावलेले. संध्याकाळी एखाद्या टॉवरकडे वर पाहिलं की दिवा लागलेल्या खिडक्या शोधाव्या लागत.

पेशंट तऱ्हेतऱ्हेचे. एक आंटी दार उघडताच माझ्या पिशवीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “मशीन नहीं लाई?” मशीनने शेक दिल्याशिवाय उपचार झाला असं त्यांना वाटतच नसे. एका अंकलनी चालण्यासाठी ट्रेडमिल घेतलं होतं. त्यावर त्यांच्या सुनेचे दुपट्टे वाळत. आणखी एक जण मॉर्निंग वॉकला गाडीने जायचे, बागेला एक फेरी मारायचे आणि परतताना छोले-भटुरे बांधून आणायचे. “चलकर आया हूँ, हक बनता है,” असं म्हणायचे.

या सगळ्यांना मी जे सांगत असे ते इथेही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायात दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद होतात. बसलेल्या माणसाला लागतं तेवढं रक्त पोचतं, पण चालायला लागलं की पोटरीचे स्नायू जास्त मागतात आणि त्यांना मिळत नाही. पोटरी आवळून दुखायला लागते. थांबलं की थोड्या वेळात दुखणं जातं, पुन्हा चाललं की पुन्हा येतं. दुसरी गोष्ट, पाय बधिर होत जातो. खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. पोटरी ओरडत असते आणि तळवा गप्प असतो, एकाच पायात.

पहिल्या दुखण्यावर चालणं हाच चांगला व्यायाम आहे, पण त्याची रीत आहे. दुखायला लागेपर्यंत चालायचं, थोडं सोसायचं, मग थांबायचं. दुखणं गेलं की परत निघायचं. असं नेमाने काही महिने. नळ्या मोकळ्या होत नाहीत, पण येईल तेवढ्या रक्तात काम भागवायला स्नायू शिकतात. वडिलांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे डिझेल तेवढंच, अ‍ॅव्हरेज वाढतं.” तेव्हापासून मी पेशंटनाही तसंच सांगते. मात्र पायाला जखम असली किंवा रक्त अगदीच पोचत नसलं, तर चालवायचं नाही, आधी डॉक्टरकडे पाठवायचं. म्हणून पाय पाहिल्याशिवाय एक पाऊलही नाही. आमचे सर हे फार कडक सांगायचे.

घाटेकाका मला भेटले ते या नियमाच्या बरोबर आड उभे राहूनच.

काका मूळचे साताऱ्याकडचे. विशीत सरकारी नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. लग्न कानपूरच्या शशीकाकूंशी. नोकरीभर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले, निवृत्तीनंतर द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट मिळाला. तिथे सामान लागेपर्यंत काकू गेल्या. मुलगा अमेरिकेत. काकांच्या मराठीत हिंदी इतकी मिसळलेली होती की कुठलं वाक्य कुठे वळेल सांगता यायचं नाही.

“तू मराठी? बिल्कुल मराठी? वाशीम म्हणजे कुठे, विदर्भात ना? ये, बस. चहा बिना साखरेचा आहे, पण बिस्किटं गोड ठेवलीत, पाहुण्यांसाठी. पाहुणे येत नाहीत, मग मीच खातो.”

त्यांची तक्रार एवढीच, की या नव्या जागेत आल्यापासून चालताना उजवी पोटरी दुखते. “तिकडे आर. के. पुरममध्ये कधी दुखली नाही. इथलं पाणी खारं आहे, त्याचं असेल का?”

मी म्हटलं, “काका, मोजे काढा. पाय बघते.”

काकांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. “नाही बेटा. पायाला हात लावू नकोस.”

“मी पाया पडत नाहीये काका, तपासतेय.”

“तरी नाही. आमच्या घरी बेटीकडून पाय शिवून घेत नाहीत. शशीचा नियम. अष्टमीला आम्ही दोघं मिळून मुलींचे पाय धुवायचो. ज्यांचे पाय धुवायचे त्यांच्या हातात आपले पाय द्यायचे? पाप लागतं.”

ही इकडची रीत मला माहीत होती. आमच्याकडे मुलगी सणासुदीला सगळ्यांच्या पाया पडते. इथे उत्तरेत कितीतरी घरांत मुलीला वाकूच देत नाहीत. पण एका सातारच्या माणसाने ती इतकी घट्ट धरून ठेवलेली पाहून मी हात मागे घेतला. ती रीत होती म्हणून नव्हे. काकू गेल्यावर त्या घरात त्यांचं म्हणून जे काही चालू राहिलं होतं, त्यातलं ते एक होतं. त्यावर वाद कसा घालायचा मला कळेना.

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, मग चालवू नकोस, दुसऱ्याला पाठव. मी माझ्या वर्गातल्या राकेशला पाठवलं. काकांनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, क्रिकेटवर तासभर गप्पा मारल्या आणि पाय एकदम ठीक आहे असं सांगून परत पाठवलं. मला फोन करून म्हणाले, “तो मुलगा अच्छा आहे, पण त्याला मराठी येत नाही. तूच ये.” डॉक्टरला दाखवा म्हटलं की म्हणायचे, “दाखवलं ना. दर महिन्याला जातो दवाखान्यात. बीपी घेतात, शुगर बघतात, गोळ्या देतात. बूट काढा असं तर कोणीच म्हणत नाही. तूच एक आहेस बूटवाली.”

मग मी जात राहिले. बसून करायचे हातांचे आणि खांद्यांचे व्यायाम द्यायचे, आणि पायाचा विषय काढायचा. ते विषय बदलायचे. दारात माझी चाहूल लागली की रेडिओ बंद व्हायचा. निघताना लिफ्टचं दार लागेपर्यंत ते बाहेर उभे असायचे. मी चालायचं नाही असं बजावलं होतं, पण मुलाने अमेरिकेहून चालायचे नवे बूट पाठवले होते. पांढरेशुभ्र, जाड तळाचे. ते घालून काका रोज सकाळी गेटपर्यंत जाऊन येत होते, हे मला गार्डकडून कळलं.

“काका, मी नाही म्हटलं होतं.”

“अरे, मुलाने एवढे महाग बूट पाठवले. रविवारी फोनवर विचारतो, पापा, चलते हो? काय सांगू, एक मुलगी येते ती पाय मागते आणि चालू देत नाही?”

नवरात्र आलं. अष्टमीच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला. “उद्या सकाळी ये. व्यायामाला नाही. कन्या म्हणून.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिल्लीत अष्टमीच्या सकाळी घरोघरी लहान मुलींना बोलावतात, देवी समजून त्यांचे पाय धुतात, मनगटाला लाल धागा बांधतात आणि हलवा, पुरी, काळे चणे वाढतात. जुन्या वस्त्यांत मुलींचे घोळके या घरातून त्या घरात पळत असतात. द्वारकेच्या सोसायटीत काकांच्या मजल्यावर राहतं घर त्यांचं एकच होतं, आणि बाहेरच्या मुलींना गार्ड गेटवरच अडवायचा.

“काका, मी तेवीस वर्षांची आहे. लहान मुलींना बोलावतात.”

“लग्न झालंय? नाही ना? मग कन्याच. नियम मी जरा वाढवून घेतो. मागच्या वर्षी हलवा तसाच राहिला, बेटा.”

मी गेले. काकांनी भिंतीशी पाट मांडले होते, अगदी रांगेने, जणू सगळ्या मुली यायच्याच आहेत. मधल्या पाटावर मला बसवलं. स्वतः पांढरं धोतर नेसले होते, आणि पूजा म्हणून अनवाणी होते. मी त्यांचे पाय पहिल्यांदा पाहत होते. पण बघायला धीर होत नव्हता, कारण ते परात घेऊन माझ्यासमोर खाली बसत होते आणि माझा जीव कानकोंडा झाला होता. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाने असे पाय धरले तर मुलगी पळून जाईल. कोमट पाणी माझ्या पावलांवर पडलं. काका पुटपुटत होते. मंत्र असावा असं वाटलं. नीट ऐकलं तर शशीकाकूंना सांगत होते, की या वर्षी मराठी देवी आलीय, वाशीमची.

पाणी ओतून ते परात बाजूला ठेवायला उठले. पांढऱ्या फरशीवर, जिथे त्यांचा उजवा पाय होता, तिथे एक ओला, पिवळट-लाल डाग होता. पुढच्या पावलाला पुन्हा एक. ते स्वयंपाकघराकडे निघाले होते आणि मागे डाग उमटत होते. त्यांना पत्ताच नव्हता.

“काका, थांबा.”

“बस बस, पुऱ्या आणतो. गरम आहेत.”

“काका, मी आज देवी आहे ना?”

“बिल्कुल.”

“मग देवीचं ऐका. इथे बसा आणि उजवा पाय पुढे करा.”

काकांनी डाग पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. “देवी डॉक्टर नसते,” ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

“आज आहे.”

ते पलीकडच्या पाटावर बसले. डोळे मिटले आणि पाय पुढे सरकवला. “शशी, बघ गं,” ते म्हणाले, “मी नाही सांगितलं. हिनेच हुकूम सोडला.”

अंगठ्याच्या खालच्या बाजूला रुपयाएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. पाऊल गार. नुसतं गार नाही, दुसऱ्या पावलाच्या मानाने गार. पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं की तिथे नाडी लागते. मला लागली नाही. घोट्याच्या मागे लागते, तिथेही नाही. मी डाव्या पायावर बोटं ठेवून पाहिली, कारण कदाचित माझ्याच हाताला कळत नसेल असं वाटलं. डाव्या पायात होती. बारीक, पण होती.

“दुखतंय?”

“कुठे?” काका म्हणाले.

कोपऱ्यातले पांढरे बूट मी उचलले. उजव्या बुटात हात घातला, तर अगदी पुढे, अंगठ्याच्या जागी, ती बारीक दाण्यांची पुडी होती, नव्या वस्तूंत दमटपणा शोषायला ठेवतात ती. डाव्यातली काढून टाकली गेली होती. उजव्यातली राहिली होती. तिच्यावर पाय दाबून काका रोज गेटपर्यंत जाऊन येत होते. आपण बुटात वाळूचा कण गेला तरी रस्त्यात थांबून बूट झटकतो.

काकांनी ती पुडी तळहातावर घेऊन उलटीपालटी केली. “एवढी मोठी,” ते म्हणाले. “आणि मला काहीच वाटलं नाही.” तेवढ्या वेळात पहिल्यांदा मला ते घाबरलेले दिसले.

हलवा झाकून ठेवला आणि आम्ही हॉस्पिटलला गेलो. रिक्षात काकांनी एकच विचारलं, “पाय काढतील?” मला खोटं बोलता येत नाही आणि खरं माहीत नव्हतं. मी म्हटलं, “लवकर निघालोय काका.” ते उत्तर नव्हतं, हे त्यांनाही कळलं.

पाय वाचला. मांडीतल्या नळीत तारेवरून बारीक फुगा नेऊन डॉक्टरांनी वाट थोडी मोकळी केली, पण अंगठा काढावा लागला. मुलगा आला, राहिला, वडिलांना सोबत न्यायचं बोलला. काका “बघू” म्हणाले आणि तो परत गेला. हिवाळाभर काका खोलीत होते. ड्रेसिंगला नर्स यायची, मी आठवड्यातून दोनदा जायची. आता ते स्वतःच मोजा काढून ठेवायचे. मी पायाला हात लावला की दर वेळी डोळे मिटायचे, तेवढं मात्र गेलं नाही.

जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, तोवर सेमलला, म्हणजे आपल्या काटेसावरीला, फुलं आली होती. पायाच्या मापाने करून घेतलेले बूट आले, हातात काठी आली. आत हात फिरवून पाहिल्याशिवाय काका ते घालत नसत. मग आम्ही चालायला लागलो. सोसायटीच्या बाहेरच्या त्या रुंद रस्त्याने, दुखेपर्यंत, मग थांबून, मग पुन्हा.

आणि काका पहिल्या दिवसापासून जे विचारत होते, की आर. के. पुरममध्ये न दुखणारी पोटरी इथेच का दुखते, त्याचं उत्तर मला तिथेच मिळालं. काकांना थांबायची लाज वाटायची. पोटरी आवळली तरी पाय ओढत चालत राहायचे.

“थांबा ना काका. थांबणं हा व्यायामाचाच भाग आहे.”

“इथे कसा थांबू? दुकान नाही, टपरी नाही, ओळखीचं कुत्रं नाही. मोकळ्या रस्त्यात उभा राहिलो तर लोक समजतील, बुड्ढा घर विसरला.”

“आर. के. पुरममध्ये कुठे थांबायचात?”

“तिकडे? अरे, तिकडे कोण चालू देतंय! खाली उतरलो की इस्त्रीचा प्रेसवाला. त्याच्याशी दोन शब्द. पुढे दूधवाला, मग पानवाला, मग शर्माजींचं फाटक. बाजारात पोचायला मला एवढा वेळ लागायचा की शशी वरून ओरडायची, भाजी आणायला गेलात की निवडणुकीला उभे आहात?”

ते हसले. मग हसता हसता त्यांनी खाली पोटरीकडे पाहिलं. त्यांच्याही ते त्याच वेळी लक्षात आलं असावं. पोटरी तेव्हाही आवळायला लागत असणार. पण दुखणं कळायच्या आत दर वेळी कोणीतरी भेटत होतं.

“म्हणजे मी मिलनसार नव्हतो?” काकांनी विचारलं. “तो पाय होता?”

पुस्तकात या दुखण्याची माणसं दुकानांच्या काचांसमोर उभी राहून वेळ काढतात असं वाचलं होतं. पण वर्षानुवर्षं ज्यांच्याशी बोलायला थांबलो ते आपल्याला खरंच आवडत होते की आपली पोटरी त्यांच्यापाशी उभं करत होती, हे कोण सांगणार? मी म्हटलं, “पाय थांबवत असेल काका. बोलत तर तुम्हीच होतात.”

“हां,” ते म्हणाले. “बोलत मीच होतो.” आणि पुन्हा चालायला लागले.

त्यानंतर ते थांबायला लागले. मी सोबत उभी राहायची. त्या थांब्यांवर मी काकांच्या ऑफिसच्या, काकूंच्या, क्वार्टरच्या गळक्या छताच्या सगळ्या गोष्टी ऐकल्या. हळूहळू थांबे कमी झाले, गोष्टीही कमी झाल्या. उन्हाळा संपता संपता काका गेटपासून मेट्रो स्टेशनपर्यंत एका दमात जायला लागले. कामाच्या दृष्टीने केस पूर्ण झाली. माझी परीक्षा आली, जाणं बंद झालं. सरांनी वर्गात ही केस मांडायला लावली आणि शाबासकी दिली.

त्यानंतर एका संध्याकाळी काकांचा फोन आला.

“पाय चालतोय, बेटा. एकदम फर्स्ट क्लास. स्टेशनपर्यंत जातो. तिथे जाऊन उभा राहतो, गाड्या बघतो, परत येतो.” मग म्हणाले, “आता कुठे जाऊ?”

आमच्या अभ्यासात या प्रश्नाचं काही नाही. मी नुकतीच बाहेरून येऊन खोलीचं कुलूप काढत होते. आत एक पलंग, एक खुर्ची, एक शेगडी. इथे राहायला आल्यापासून कोणी पाहुणा आला नव्हता. आई-वडिलांचं येऊ येऊ चाललं होतं.

मी म्हटलं, “रविवारी माझ्याकडे या. पोहे करते. पण जिना आहे काका, तिसरा मजला.”

“मुनिरका? अरे, ते तर आमच्या क्वार्टरच्या शेजारचं! चलो, जिन्यावर थांबत थांबत येतो. तूच शिकवलंय.”

रविवारी मी कांदा चिरत होते तेव्हा खाली त्यांचा आवाज आला. मी वरून हाक मारली तर खालूनच म्हणाले, “तू उतरू नकोस, मी माझा माझा येतो.” मी दारात उभी राहून ऐकत राहिले. काठीचा आवाज, मग शांतता. ते पहिल्या मजल्यावर थांबले असणार. मग बोलणं सुरू झालं, दोन मुलगे हसले. पुन्हा काठी. पुन्हा शांतता. दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं आणि बराच वेळ हळू आवाजात काहीतरी चाललं. तोवर पोहे झाले; गार होऊ नयेत म्हणून मी गॅस बारीक करून ठेवला.

काका वर आले, खुर्चीत बसले आणि दम खायच्या आत म्हणाले, “पहिल्या मजल्यावरची पोरं बिहारची आहेत, त्यांचा नळ गळतो. आणि तुझ्या बरोब्बर खालच्या खोलीत नांदेडची मुलगी राहते, सुजाता. मोठ्या परीक्षेची तयारी करतेय. दोन दिवस ताप आहे तिला, काही खाल्लेलं नाही. तुला माहीत नाही?”

त्या मुलीला मी जिन्यात रोज बघत होते. वाट द्यायला भिंतीशी सरकायची, ‘जी, जाइए’ म्हणायची. मीही तेच म्हणायची.

“काका, मला वाटायचं ती इकडचीच आहे. आम्ही हिंदीत बोलतो.”

“तीही हेच म्हणाली. म्हणे, वरती कोणी हिंदीवाली राहते, धडधड जिना चढते, थांबत नाही कधी.” काकांनी काठी भिंतीला टेकवली. “जा. पोहे आधी तिला दे. मी कुठे पळून चाललोय?”

मी ताटलीत पोहे घेतले, वर दुसरी ताटली झाकली आणि खाली उतरले. तिने दार उघडलं. केस विस्कटलेले, अंगावर शाल. आतल्या भिंतीवर नकाशे लावलेले होते. सवयीने माझ्या ओठांवर हिंदी आली होती. ती तशीच गिळली.

“ताप आहे ना?” मी म्हटलं. “बघू, हात दे.”